सिकलसेल कुटुंबांच्या गटासाठी ओपन सोर्स चर्चामंच: वर्षाला 15,000 रुपयांत काय निवडावे?

प्रश्न: धुळे_कार्यकर्ती

सर्वांना नमस्कार. आमचा एक लहान नोंदणीकृत न्यास आहे. शिरपूर, साक्री, शहादा आणि धडगाव या तालुक्यांतील गावांमध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण असलेल्या सुमारे 300 कुटुंबांशी आमचा नियमित संपर्क असतो. या कुटुंबांचे आपसातले बोलणे आणि डॉक्टरांशी होणारी प्रश्नोत्तरे आजवर व्हॉट्सॲपच्या गटांवर चालत आली आहेत, परंतु तिथल्या दोन अडचणी आता आवरेनाशा झाल्या आहेत.

तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ही पहिली. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी एखाद्या दिवशी राहून गेली तर काय करावे, दुखण्याचा झटका आला तर घरी किती वेळ थांबावे, रक्त चढवण्यासाठी कोणते कागद सोबत न्यावेत, या प्रश्नांना डॉक्टरांनी वेळ काढून नीट उत्तरे लिहिलेली असतात. ती चार दिवसांत ‘शुभ सकाळ’च्या चित्रांखाली गाडली जातात. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. गटात प्रत्येकाचा मोबाईल क्रमांक प्रत्येकाला दिसतो. ज्यांच्या घरी लग्नाची मुले-मुली आहेत अशी कुटुंबे, गटात कोणी नातेवाईक दिसला की एक शब्दही न बोलता निघून जातात. सोयरीक जमण्याआधी आजाराची बातमी फुटू नये, ही त्यांची धास्ती आम्ही चुकीची म्हणू शकत नाही.

विश्वस्तांनी या कामासाठी वर्षाला 15,000 रुपये मंजूर केले आहेत. कार्यालयात एक अर्धवेळ सहकारी असून त्यांना वेबसाइट बनवण्याचे वर्डप्रेस चांगले येते, सर्व्हर म्हणजे वेबसाइट ज्यावर चालते तो संगणक सांभाळण्याचा अनुभव मात्र नाही. सभासदांकडे अँड्रॉइड फोन आहेत, पण ईमेल कोणी उघडत नाही. पुष्कळांना लिहिण्यापेक्षा अहिराणीत किंवा पावरीत बोलून पाठवणे सोपे जाते. डिस्कोर्स, फ्लॅरम, पीएचपीबीबी, झुलिप, सिव्हीसीआरएम अशी सॉफ्टवेअरची नावे वाचनात आली आणि सगळीकडे ‘मोफत’ असे लिहिलेले दिसले. मात्र एका विक्रेत्याने डिस्कोर्स बसवून चालवण्याचे वर्षाला 60,000 रुपये सांगितले. मोफत वस्तूचे साठ हजार कसे होतात, आणि आमच्यासारख्यांनी यातले काय घ्यावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर: केळीपट्टा_रावेर

ताई, नमस्कार. आमच्या शेतकरी गटाचा चर्चामंच मी काही वर्षांपासून सांभाळतो, त्या अनुभवावरून लिहितो.

मोफत असतो तो ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरण्याचा परवाना. डिस्कोर्स जीपीएल परवान्याखाली आहे, फ्लॅरम एमआयटी परवान्याखाली. दोन्ही उतरवून घ्यायला, बदलायला आणि कितीही लोकांसाठी चालवायला कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. पैसे लागतात ते सर्व्हरला, डोमेनला म्हणजे मंचाच्या इंटरनेटवरच्या पत्त्याला, ईमेल पाठवण्याच्या सेवेला आणि मुख्यतः हे सगळे सांभाळणाऱ्या माणसाला. तुमच्या विक्रेत्याने सांगितलेले साठ हजार त्या माणसाचे आहेत. ते अवाजवी आहेत की नाहीत, हे त्यात काय काय येते यावर ठरेल. सॉफ्टवेअर अद्ययावत कोण ठेवणार, बॅकअप कुठे राहणार, आणि सर्व्हर बिघडला तर त्या बॅकअपमधून मंच पुन्हा उभा करून देण्याची जबाबदारी कोणाची, हे तीन प्रश्न लेखी विचारा. तिसऱ्याचे उत्तर गुळमुळीत आले तर पुढे जाऊ नका.

आता पर्यायांविषयी. सिव्हीसीआरएम बाजूला ठेवा. ते देणगीदार, सभासद-वर्गणी आणि कार्यक्रमांच्या नोंदी ठेवण्यासाठी उत्तम आहे, पण कुटुंबांनी एकमेकांशी बोलावे यासाठी ते बनलेले नाही. झुलिप गप्पांच्या अंगाने जाणारे आहे. विषयवार धागे ठेवण्याची त्याची पद्धत मला फार आवडते आणि कार्यकर्त्यांच्या अंतर्गत कामाला ते छान आहे, मात्र सहा महिन्यांनी येणाऱ्या नव्या कुटुंबाने जुनी उत्तरे शांतपणे वाचावीत यासाठी चर्चामंचच सोयीचा. पीएचपीबीबी 2000 सालापासून चालत आलेले, अत्यंत टिकाऊ आणि कोणत्याही स्वस्त सामाईक होस्टिंगवर, म्हणजे अनेक वेबसाइटांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर, बसणारे आहे. त्याचे रूप मोबाईलवर जुनाट वाटते, आणि व्हॉट्सॲपची सवय लागलेली मंडळी तिथे रमत नाहीत.

उरतात डिस्कोर्स आणि फ्लॅरम. फ्लॅरम पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालते, हलके आहे, दिसायला देखणे आहे आणि त्याला स्वतंत्र सर्व्हर लागत नाही. पण त्याच्या नव्या आवृत्त्या कंपोझर या साधनाने चढवाव्या लागतात, म्हणजे होस्टिंगवर एसएसएचची, म्हणजे दुरून आज्ञा टंकून सर्व्हर चालवण्याची, सोय असलेली बरी. शिवाय त्याच्या अनेक सोयी बाहेरच्या स्वयंसेवकांनी लिहिलेल्या जोडण्यांमधून, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममधून, येतात. मूळ फ्लॅरम पुढे जाते आणि जोडणी मागे राहते, हा तिथला नेहमीचा डोकेदुखीचा विषय.

तुमच्या गरजेला डिस्कोर्स जास्त जुळते, असे माझे मत. लॉगिन केल्याशिवाय एक अक्षरही दिसू नये, खरे नाव इतर सभासदांना दिसू नये, अमुक विभागात फक्त डॉक्टरांच्या गटाने नवा विषय सुरू करावा, नव्या सभासदाचे लिखाण आधी संचालकाने (मंचाच्या ॲडमिनने) तपासावे, हे सगळे त्याच्या मूळ सेटिंगमध्ये आहे. उत्तर योग्य ठरल्याची खूण करणारे सॉल्व्ह्ड नावाचे प्लगइन (जोडणी) आहे, त्याने तुमचा पुनरुक्तीचा त्रास बराच कमी होईल.

हिशेब असा. डिस्कोर्सला किमान 1 जीबी मेमरी आणि सोबत स्वॅप, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा, लागतो. 2 जीबी असेल तर अद्ययावत करताना जीव टांगणीला लागत नाही. डिजिटलओशन या क्लाउड कंपनीच्या बंगळूर केंद्रातला 2 जीबीचा सर्व्हर महिन्याला 12 डॉलरला मिळतो. डॉलर 85 ते 90 रुपये धरला आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लावला, तर वर्षाचे अंदाजे 14,400 ते 15,300 रुपये होतात, म्हणजे तुमची पूर्ण रक्कम तिथेच संपते. 1 जीबीचा सर्व्हर 6 डॉलरला आहे आणि 300 कुटुंबांसाठी तो चालून जातो. उरलेल्या पैशांत डोमेन आणि सर्व्हरबाहेर बॅकअप ठेवण्याची जागा सहज बसते. प्रत्यक्ष डिस्कोर्स बसवणे डॉकर या तयार गठ्ठा बसवणाऱ्या साधनामुळे एका संध्याकाळचे काम आहे, ते तुम्हाला कोणीही स्वयंसेवक करून देईल. पुढे दर महिन्याला लक्ष कोण घालणार, त्या माणसाचे नाव मात्र विश्वस्तांच्या बैठकीत ठरवून घ्या.

डोमेन आणि सर्व्हरचे खाते न्यासाच्या नावाने, न्यासाच्या ईमेलवर काढा. कार्यकर्त्याच्या वैयक्तिक कार्डावर सगळे उभे राहते आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेला की पासवर्डसाठी फोनाफोनी सुरू होते, हे मी आमच्या भागातल्या एकाहून अधिक संस्थांत पाहिले आहे. न्यासाच्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार होत नसतील तर यूपीआय घेऊन जीएसटीचे बिल देणाऱ्या भारतीय होस्टिंग कंपन्या पाहा. ऑडिटरलाही ते बरे पडते.

उत्तर: शहाद्याचा_वाचक

रावेरच्या भाऊंचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, तरीही मी वेगळा सल्ला देईन. ताईंच्या कार्यालयात वर्डप्रेस येणारा माणूस आहे, आणि लहान संस्थेसाठी हाताशी असलेल्या माणसाचे कौशल्य हे सॉफ्टवेअरच्या गुणांपेक्षा मोठे भांडवल आहे. बीबीप्रेस हे वर्डप्रेसवरचे मोफत चर्चामंच-प्लगइन आहे; त्यात एखादा विभाग खाजगी किंवा लपवलेला ठेवता येतो, आणि सोबत बडीप्रेस हे दुसरे प्लगइन बसवले तर सभासदांचे बंदिस्त गटही करता येतात. सामाईक होस्टिंगवर वर्षाला तीन-चार हजारांत काम भागेल, आणि सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टंकण्याची वेळ कोणावर येणार नाही.

दुसरे असे की, व्हॉट्सॲप सोडूच नका. व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या घोषणा-गटात सभासदांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत, मात्र तिथे लिहिण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला असतो. त्या गटात आठवड्यातून एकदा मंचावरच्या नव्या उत्तराचा दुवा टाकावा. लोक ज्या वाटेने रोज जातात तिथेच पाटी लावावी लागते; नवी वाट दाखवून लोक येत नाहीत.

उत्तर: केळीपट्टा_रावेर

घोषणा-गटाची सूचना मला पूर्ण मान्य आहे. बीबीप्रेसविषयी मात्र शंका आहे. वर्डप्रेस स्वतः भक्कम आहे, पण गोपनीयतेसाठी एक प्लगइन, लॉगिनसाठी दुसरे, सूचनांसाठी तिसरे, स्पॅमसाठी चौथे असे करत करत सात-आठ प्लगइनांवर मंच उभा राहतो, आणि त्यातले एक जरी जुने राहिले तरी तिथूनच चोर आत शिरतो. गावाच्या वाचनालयाची वेबसाइट असती तर मी काही बोललो नसतो. इथे कोणाच्या घरात कोणता आजार आहे ही माहिती आहे.

प्रश्नकर्ती: धुळे_कार्यकर्ती

दोघांचेही आभार. एक मूलभूत शंका राहते. ही सगळी सॉफ्टवेअर नोंदणीसाठी ईमेल मागतात, आणि आमच्या सभासदांना ईमेल म्हणजे काय हेच सांगावे लागते. एसएमएसने ओटीपी पाठवून लॉगिन देता येईल का?

उत्तर: केळीपट्टा_रावेर

येईल, पण त्या वाटेला जाऊ नका. भारतात संस्थेच्या नावाने एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांनुसार डीएलटी या नोंदणी-प्रणालीवर संस्थेची, शीर्षकाची (पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी करावी लागते, प्रत्येक संदेशाचे पैसे वेगळे, आणि डिस्कोर्समध्ये ही सोय जोडण्यासाठी स्वतंत्र काम करून घ्यावे लागते.

त्यापेक्षा सोपी गोष्ट त्यांच्या खिशात आधीच आहे. ज्या अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअर चालते, त्यावर गूगल खाते असतेच. दुकानदाराने फोन विकताना ते उघडून दिलेले असते, मालकाला त्याचा पासवर्ड माहीत नसतो, आणि त्याची गरजही पडत नाही. डिस्कोर्समध्ये गूगल लॉगिन चालू केले की ‘गूगलने पुढे जा’ या बटणावर बोट ठेवून, फोनवर आधीपासून असलेले खाते निवडून माणूस आत येतो. फोन बदलला की अडचण येणार, हे खरे. तेव्हा दुकानदार बहुधा नवे खाते उघडून देतो आणि जुन्या टोपणनावाशी ते जोडून देण्याचे काम संचालकाला करावे लागते.

मात्र तीन सेटिंग पहिल्याच दिवशी तपासा. गूगल खात्यावरचे खरे नाव मंचावर दिसू शकते, म्हणून पूर्ण नावे दाखवण्याची सोय बंद करा. खात्यावरचा फोटोही सोबत येऊ शकतो; एक चाचणी-खाते उघडून तो येतो का ते पाहा आणि येत असेल तर थांबवा. टोपणनाव निवडताना लोक हमखास आडनाव आणि गावाचे नाव घालतात, म्हणून नोंदणीच्या वेळी कार्यकर्त्याने शेजारी बसणे उत्तम. टोपणनावे देवनागरीत हवी असतील तर सेटिंगमध्ये युनिकोड (इंग्रजीखेरीज इतर लिपींतील) नावांची परवानगी वेगळी द्यावी लागते.

सूचनांसाठीही ईमेलवर विसंबू नका. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये डिस्कोर्सच्या सूचना थेट फोनच्या पडद्यावर येतात, त्यासाठी वेगळे ॲप लागत नाही. मंचाला ईमेल सेवा तरीही जोडावीच लागेल, कारण संचालकांची आमंत्रणे आणि पासवर्ड बदलण्याचे दुवे त्यातूनच जातात. बहुतेक क्लाउड कंपन्या सर्व्हरवरून थेट मेल पाठवण्याची वाट बंद ठेवतात, म्हणून ॲमेझॉन एसईएससारखी सेवा घ्या. तिथे 1,000 मेलला 10 सेंट पडतात. सुरुवातीला खाते चाचणी-कक्षेत, म्हणजे मर्यादित वापरापुरते, असते आणि खुल्या वापरासाठी अर्ज करावा लागतो, एवढे लक्षात असू द्या. मेल खरोखर तुमचाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी डोमेनवर केल्या नाहीत तर तुमची पत्रे थेट स्पॅममध्ये जातील.

उत्तर: जळगाव_कायदा

तांत्रिक चर्चा चांगली चालली आहे. एका बाजूकडे लक्ष वेधतो, कारण तिचा सॉफ्टवेअरच्या निवडीशी थेट संबंध आहे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संस्था लहान आहे किंवा ना-नफा आहे म्हणून ती या कायद्याच्या आपोआप बाहेर राहते, अशा समजात राहू नये. तुमच्या कामात दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या ठरतात. 18 वर्षांखालील व्यक्तीची माहिती घेताना पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि सिकलसेलच्या गटात मुलांचीच माहिती सर्वाधिक असणार. म्हणून खाती पालकांच्याच नावे ठेवावीत आणि मुलाचे नाव, शाळा, छायाचित्र मंचावर टाकू नये असा नियम करावा. दुसरे, सभासदाने आपली माहिती काढून टाका असे सांगितले तर ती काढता आली पाहिजे. डिस्कोर्समध्ये संचालकाला एखादे खाते निनावी करण्याची सोय आहे, त्यामुळे उत्तरे राहतात आणि माणूस पुसला जातो. जे सॉफ्टवेअर घ्याल त्यात ही सोय आहे का, हे आधी पाहावे.

संमतीची सूचना इंग्रजीबरोबरच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याचा पर्याय कायदा देतो. मराठी त्यात आहे. अहिराणी आणि पावरी नाहीत. तरीही ती सूचना त्या दोन्ही भाषांत वाचून, ध्वनिमुद्रित करून ठेवावी असे मी सुचवीन. ज्याला सूचना समजलीच नाही त्याच्या संमतीला अर्थ उरत नाही.

बॅकअपविषयीही सावध राहा. डिस्कोर्सची बॅकअप फाइल एकच असते आणि तिच्यात सर्व खाजगी संदेश, खऱ्या ईमेल पत्त्यांसह, उघडे असतात. ती कार्यालयातल्या सामाईक संगणकावर उतरवून ठेवणे म्हणजे कपाटाला कुलूप लावून किल्ली दारात टांगण्यासारखे आहे. फाइल सांकेतिक करून न्यासाच्या ताब्यातील जागी ठेवावी, आणि तिथवर पोहोचण्याचा अधिकार दोनच व्यक्तींना असावा.

उत्तर: विद्यापीठ_परिसर

मी जळगावला संगणकशास्त्र शिकवतो. शोधसुविधेविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. जुनी उत्तरे सापडावीत हाच ताईंचा मूळ हेतू आहे आणि मराठी मंच नेमके तिथेच फसतात.

डिस्कोर्सचा शोध पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतो. इंग्रजी शब्दांची रूपे तो ओळखतो, मराठीसाठी तशी सोय त्यात नाही. शब्दाची सुरुवात जुळली तर भागते, म्हणून ‘रक्त’ शोधल्यावर ‘रक्ताची’ सापडते. पण ‘सांधा’ शोधणाऱ्याला ‘सांध्यांत’ सापडत नाही, आणि ‘गोळी’ शोधणाऱ्याला ‘गोळ्या’ मिळत नाहीत. त्यात ‘सिकलसेल’ कोणी जोडून लिहितो, कोणी तोडून, कोणी रोमन लिपीत. यावर उपाय साधा आहे, पण तो माणसाने करायचा आहे. दहा-पंधरा टॅग (विषयाला लावायच्या खुणेच्या चिठ्ठ्या) आधीच ठरवा, नवे टॅग बनवण्याचा अधिकार सभासदांना देऊ नका, आणि प्रत्येक विषयाला कार्यकर्त्याने टॅग लावावा. वाचणारा शोधपेटीकडे जाण्याऐवजी ‘औषध’, ‘रक्त चढवणे’, ‘प्रमाणपत्र’, ‘गरोदरपण’ अशा टॅगवर बोट ठेवील.

महाविद्यालयातील विद्यार्थ्यांकडून मंच बसवून घेण्याचा विचार पुढे येईलच. बसवून जरूर घ्या, आमची मुले ते आनंदाने करतात. परंतु शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मे महिन्यात संपतो आणि मुले पांगतात, म्हणून त्यांना स्वतः काही नवे लिहू देऊ नका. विद्यार्थ्याने खास तुमच्यासाठी लिहिलेला मंच पुढच्या वर्षी कोणालाच दुरुस्त करता येत नाही. मूळ डिस्कोर्स असेल तर जगभरातला कोणताही जाणकार तो हाती घेऊ शकतो, आणि ओपन सोर्स घेण्याचा लहान संस्थेला होणारा खरा लाभ माझ्या मते हाच आहे.

प्रश्नकर्ती: धुळे_कार्यकर्ती

सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले, मनापासून आभार. विश्वस्तांशी बोलून असे ठरवले आहे की 1 जीबीच्या सर्व्हरवर डिस्कोर्स, गूगल लॉगिन, आणि दुवे देण्यासाठी व्हॉट्सॲपचा घोषणा-गट. आधी फक्त शिरपूर तालुक्यातील कुटुंबे घेऊ. आमचे सहकारी महिन्यातून एकदा अद्ययावत करण्याचे काम शिकायला तयार आहेत, आणि रावेरच्या भाऊंनी त्यांना पहिल्या वेळी फोनवर सोबत करावी अशी विनंती आहे. विक्रेत्याला तीन प्रश्न लेखी पाठवले आहेत. उत्तर समाधानकारक आले तर केवळ बॅकअप आणि आपत्कालीन दुरुस्तीपुरता त्यांच्याशी करार करता येईल का, तेही विचारू.

एकच बाब उरली. पावरीत बोलून पाठवलेले संदेश मंचावर ठेवता येतील का?

उत्तर: केळीपट्टा_रावेर

फोन जरूर करा, रविवारी सकाळी मी मोकळा असतो.

आवाजाच्या फाइली ठेवता येतात. मुळात डिस्कोर्स फक्त चित्रे चढवू देते, म्हणून परवानगी असलेल्या फाइलींच्या यादीत ओपस, ओजीजी, एमपी3 आणि एम4ए हे प्रकार जोडा. व्हॉट्सॲपचा आवाजी संदेश बहुधा ओपसमध्येच असतो. जुन्या आयफोनवर तो वाजत नाही, तेव्हा डॉक्टरांची उत्तरे एमपी3 करूनच चढवा. फाइलीच्या आकाराची मर्यादाही पाहून घ्या. आणि प्रत्येक ध्वनिफितीखाली कार्यकर्त्याने मराठीत दोन ओळींचा सारांश लिहावा, नाहीतर विद्यापीठाच्या सरांनी सांगितलेल्या शोधात ती कधीच येणार नाही. तो सारांश लिहिताना बोलणाऱ्याने ओघात घेतलेले गावाचे किंवा मुलाचे नाव फितीत राहिले आहे का तेही ऐका. राहिले असेल तर तेवढा भाग कापून मगच फीत चढवा.